मोठ्या झाडाखालचा आयरिस

(दृश्य: जुन्या वृक्षाचा बुंधा, भोवती कोरडी ठणठणीत माती)

नुकताच पाऊस पडून गेलाय, तरी बुंध्याजवळची माती कोरडीच आहे. बऱ्याच सरी वरची पानं अडवतात आणि खाली ठिबकतं ते वृक्षाची वरवरची मुळं पिऊन टाकतात. इथली रोपं बहुधा सावलीनं मरत नाहीत, तहानेनं मरतात.

भरघोस फुलांचा बिअर्डेड आयरिस इथे नकोच, त्याला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं. इथे चालतो आयरिस फीटिडिसिमा, आयरिस या फुलझाडाचीच दुसरी जात. मूळचा पश्चिम युरोप आणि उत्तर आफ्रिकेतला, बारमाही हिरवा.

(दृश्य: उकललेलं बोंड, अगदी जवळून)

फूल मळकट जांभळं, त्याच्यासाठी हा कुणी लावत नाही. लावायचा तो या दाण्यांसाठी. बोंड तीन फाकांत उकलतं, पण नारिंगी-लाल दाणे गळत नाहीत, हिवाळाभर तसेच चिकटून राहतात. हा आयरिस विषारी आहे, दाणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

(दृश्य: खुरप्यानं खड्डा)

लागवड पानगळीच्या सुरुवातीला, माती अजून उबदार असताना. रोपं लहानच घ्या, मुळांच्या बेचक्यात ती सहज बसतात. अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं आलं तर तोडू नका, खड्डाच बाजूला सरकवा. कुजलेल्या पानांचं खत दोन ओंजळी. मूळखोड, म्हणजे मुळं फुटणारं जाड आडवं खोड, मातीखाली जेमतेम 2 ते 3 सेंटीमीटर, दोन रोपांत 45 सेंटीमीटर. वर 5 सेंटीमीटर पालापाचोळा, पण रोपाच्या बुडाला टेकलेला नको, बूड कुजतं.

खरी चूक होते पाण्यात. रोज तांब्याभर शिंपडलं की ते वृक्षालाच मिळतं. पहिलं वर्षभर, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्यातून एकदा रोपामागे 5 लिटर पाणी सावकाश मुरवा. पुढे सहसा गरज पडत नाही.

नव्या पानांवरही वेडेवाकडे पिवळे ओरखडे दिसू लागले, तर तो विषाणू. औषध नाही, गड्डा उपटून टाका. बियांपासून रोपं होतात, पण उगवायला कधी वर्षाहून जास्त लागतं. गड्डा फोडून लावणं सोपं, मात्र फोडलेले तुकडे एखादा हंगाम रुसून बसतात.

पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकारही मिळतो. पानं देखणी, पण तो क्वचितच फुलतो, म्हणजे दाणेही नाहीत. दाणे हवे असतील तर साधा हिरवाच घ्या.