हे कोणी सांगितलं?

नमस्कार श्रोतेहो. मराठीच्या प्राध्यापकाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. सध्या काय वाचताय, आणि संशोधन कशावर चाललंय? माझं दोन्हींचं उत्तर एकच: लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या अखेरीचा ग्रंथ, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा. बी.ए.ला तो आपण चार मार्कांच्या टिपेपुरता वाचतो. खरं तर वाचतही नाही, गाइड वाचतो. गाइडवर पदवी मिळते, हे आमच्या विद्यापीठांचं औदार्यच म्हणायचं. असो.

मला या ग्रंथाचं वेड लागलं ते तो कसा लिहिला गेला त्यामुळे. ती गोष्ट ऐकाच.

स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेलेले. पुढे त्यांचे गुरू गोविंदप्रभूही हे जग सोडून गेले. रिद्धपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, शिष्यमंडळी पोरकी झाली. नागदेवाचार्य, त्यांना सगळे भटोबास म्हणत, स्वतःशीच काही आठवत बसलेले असायचे. हे म्हाइंभटाच्या नजरेत आलं. हा म्हाइंभट सराळ्याचा, शास्त्र शिकलेला, एके काळी स्वामींना वादात हरवायला आलेला! त्याने विचारलं, कसलं चिंतन करता? भटोबास म्हणाले, स्वामींच्या लीळांचं, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं. झालं. म्हाइंभटाने धोशाच लावला: तुम्हाला आठवतंय ते मला सांगा, मी लिहून घेतो. तुमच्यामागून येणाऱ्यांनी काय करायचं?

भटोबासांनी सांगितलं. पण जिथे ते स्वतः हजर नव्हते, तिथे काय? तिथे ते म्हणत, त्या वेळी जो होता त्याला जाऊन विचार. आणि म्हाइंभट निघाला की हो! ज्याने पाहिलं, ज्याने ऐकलं, त्याला गाठायचं. कुठल्या गावी घडलं, कोण समोर होतं, स्वामी नेमकं काय बोलले, सगळं उतरवून घ्यायचं आणि परत येऊन भटोबासांकडून तपासून घ्यायचं. पुन्हा सांगतो: आधी पाहणाऱ्याला विचारायचं, मग जाणत्याकडून तपासायचं. आमच्या पीएच.डी.च्या मुलांना हे शिकवताना माझा घसा बसतो.

गोष्ट इथे संपत नाही. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत ती पोथी गेली, असं परंपरा सांगते. गेली म्हणजे गेलीच. मग पंथातल्या मंडळींनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. हिराइसा नावाच्या बाईंचं पाठांतर दांडगं, त्यांचा पाठ पुढे मोठा मानला गेला. आता दहा जणांच्या आठवणी म्हटल्यावर फरक पडणारच. एक म्हणतो असं झालं, दुसरा म्हणतो तसं. या लोकांनी काय करावं? दोन्ही ठेवलं, नावानिशी. हे हिराइसांचं, हे परशरामबासांचं, हे रामेश्वरबासांचं. कोणी सांगितलं ते पुसलं नाही, श्रोतेहो. कोणी सांगितलं ते पुसलं नाही! आणि आज आमच्या मोबाइलवर रोज सकाळी कुणाचीही कविता कुणाच्याही नावावर येते, खाली दोन गुलाबाची फुलं. फुलं कोणी काढली, तेही कळत नाही.

माझं संशोधन म्हणाल तर एवढंच: हे फरक ताडून पाहणं. कुणाच्या आठवणीत काय राहतं आणि काय गळतं. पुढे पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये गेल्या आणि पंथाबाहेरच्यांना शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत. त्यातल्या सकळ लिपीची उकल इतिहासाचार्य राजवाड्यांनी केली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची प्रत 1978 साली आली. ती माझ्या टेबलावर असते. कुणालाही देत नाही. पुस्तक उसनं नेणारा माणूस कितीही सज्जन असो, परतीच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नये.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. त्या बाजूला गेलात तर वाजेश्वरीचं स्थान जरूर पाहा. लीळा तिथे लिहिल्या गेल्या असं मानतात.

आणि ग्रंथ हाती आलाच, तर एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध या त्याच्या तीन भागांच्या क्रमाने जाऊ नका. थेट पूर्वार्ध उघडा, स्वामींच्या शिष्या बाइसा स्वयंपाकाच्या तजविजीत असतील अशी एखादी लीळा काढा आणि मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून वाचा. जुनी मराठी डोळ्यांना अडते, कानाला फारशी अडत नाही. नमस्कार.