मशीनचा मेंदू : पीएलसी की स्वतःचा बोर्ड?

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीतलं कोअर शूटर मशीन, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवायला लागणारा वाळूचा आकार, अर्थात कोअर, बनवणारं. कोअर बॉक्स बंद होतो, हवेच्या दाबानं वाळू आत मारली जाते, तापलेल्या बॉक्समध्ये ती घट्ट होते, बॉक्स उघडतो, कोअर बाहेर. बॉक्स नीट आवळला गेलाय असं लिमिट स्विच सांगत नाही तोवर हवा सोडायची नाही, हे भान कुणीतरी ठेवावं लागतं. ते ठेवणारा बाजूच्या पॅनेलमध्ये बसलेला असतो.

तिथं कुणाला बसवायचं? तयार पीएलसीला, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवायला बनवलेल्या, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या कंट्रोलरला, की मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) घालून आपणच बनवलेल्या बोर्डाला?

बोर्डवाले किमतीपासून सुरुवात करतात. चिप दोनशे रुपयांच्या आत मिळते, पीएलसीला काही हजार मोजावे लागतात. हिशोब खरा आहे, पण अर्धाच. बोर्डाचं डिझाइन, दोन-तीन वेळा बदलून घेतलेले नमुने, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे महिने, चाचण्या हा सगळा खर्च पहिल्या मशीनच्या आधीच होऊन बसतो. गिऱ्हाईकाच्या एकाच जॉबसाठी ड्रिलिंगचं एसपीएम (एका खास कामापुरतं मशीन) बनवायचं असेल, तर तो खर्च वाटून घ्यायला दुसरं मशीनच नसतं.

पीएलसी आला तोच अशा अडचणीतून. 1968 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंची, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचांची, पॅनेलं नकोशी झाली होती, कारण गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग नव्यानं करायचं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन 084 हा पीएलसी तयार केला. प्रोग्रॅम मात्र रिलेच्या नकाशासारखाच दिसेल असा ठेवला. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॉन्टॅक्टरची (मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेची) ड्रॉइंग वाचत हात बसलेला वायरमन आजही लॅडर नावाच्या या नकाशापुढे बिचकत नाही.

आता भट्टीकडे चला.

इंडक्शन फर्नेस चालू आहे, पलीकडे वेल्डिंग, मोटारींना वेग बदलणारे ड्राइव्ह लावलेले. कॉन्टॅक्टर सुटला की त्याची कॉइल क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका उलट फेकते. मायक्रोकंट्रोलर चालतो 3.3 किंवा 5 व्होल्टवर. पीएलसीला इनपुट मिळतं 24 व्होल्टचं, आणि ते बहुधा ऑप्टो-आयसोलेटरमधून, म्हणजे विजेऐवजी उजेडानं निरोप पोचवून, आत जातं. बोर्डावरही हे सगळं करता येतं: आयसोलेशन, कॉइलवर झटका शोषणारा स्नबर, अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग, काळ्या धुळीसाठी आणि पावसाळ्यातल्या ओलीसाठी वर कोटिंग. जाणकार डिझायनर करतोही. पण टेबलावर आठवडाभर बिनतक्रार चाललेला बोर्ड फाउंड्रीत आला की दिवसातून एकदा रीसेट होतो, नेमका कधी ते कळत नाही, आणि असा आजार शोधण्यात जाणारा वेळ कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

बंद पडल्यावरची गोष्ट आणखी वेगळी. रात्रपाळीत मशीन थांबलं, तर फोनवरून पहिला प्रश्न येतो: "इनपुटचा लाइट लागतोय काय बघा." पीएलसीवर प्रत्येक इनपुट-आउटपुटला बारीक एलईडी असतो. लाइट लागत नसेल तर सेन्सर किंवा वायर बघायची. पीएलसीच गेला, तर तेच मॉडेल दुकानातून आणून प्रोग्रॅम भरता येतो. बोर्डाला मात्र एकच डॉक्टर, आणि तो नोकरी बदलून पुण्याला गेलेला असू शकतो.

म्हणून बोर्ड वाईट? मुळीच नाही. पंचगंगेकाठच्या उसाकडे बघा. शेतीची वीज कधी रात्रीची येते, आणि शेतकरी घरातूनच मोबाइलनं मोटार चालू करतो. त्या स्टार्टरमध्ये पीएलसी घालणं परवडणारच नाही. गावच्या दूध संस्थेतलं फॅट मोजणारं यंत्रही तसंच. एकसारखी हजारो नगं, ठरलेलं काम, छोटी पेटी. तिथं डिझाइनचा खर्च नगामागे किरकोळ होतो आणि बोर्डच जिंकतो.

अवघड असतं ते मधलं: वर्षाला वीस-पंचवीस मशीनं विकणारा कारखाना. आमचं मत विचाराल तर तिथंही पीएलसीच, मोजमापाचं काम अगदी खास असेल एवढा अपवाद सोडून. अशा वेळी मोजमापापुरता छोटा बोर्ड करावा आणि त्यानं आरएस-485 या प्रकारच्या तारेवर मॉडबसनं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीनं, पीएलसीला आकडा द्यावा. मॉडबस 1979 पासून आहे, आणि जवळपास प्रत्येक पीएलसीला तो समजतो.

पीएलसी घेतला की सगळं सुटलं, असंही नाही. चिपटंचाईच्या काळात बोर्डवाले अडकले तसे पीएलसीवालेही महिनोन्‌महिने थांबले. आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय मानकानं 1993 पासून पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या भाषा ठरवून दिल्या, तरी एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसरीच्या पीएलसीत जसाच्या तसा क्वचितच चालतो. शिवाय काही मशीनवाले पासवर्ड लावून ठेवतात. मग तयार पीएलसीही बंद डबाच! मशीन घेताना प्रोग्रॅमची प्रत, त्यातल्या टिपा आणि वायरिंगचं ड्रॉइंग पदरात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आणि इमर्जन्सी स्टॉप? तो यातल्या कुणाच्याच भरवशावर सोडायचा नाही. लाल बटण दाबलं की सेफ्टी रिलेमार्फत (फक्त सुरक्षेसाठी ठेवलेल्या वेगळ्या रिलेमार्फत) कॉन्टॅक्टरची वीज थेट तुटली पाहिजे. पीएलसीला किंवा बोर्डाला फक्त कळवायचं, मशीन थांबलंय म्हणून.