‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं?

(पडद्यावर: एक कोरा अर्ज. पेनाचं टोक रकान्यांवरून सरकतंय.)

नाव. जन्मतारीख. पत्ता. मग येतो ‘व्यवसाय’, आणि त्याच्यापुढे चार बोटं रुंद रिकामी जागा. बहुतेकांचं पेन इथे अडत नाही. पण ज्यानं दहा वर्षं एक काम केलं, पुढची पाच दुसरं, आणि तिसरं गेली कित्येक वर्षं फावल्या वेळात चालूच आहे, त्यानं काय लिहायचं? स्वल्पविराम देत तिन्ही लिहिली, तर समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे तुम्ही नक्की करता काय?”

प्रश्न जुना आहे. १४८२ च्या सुमारास तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीनं इटलीतल्या मिलानचा कारभार हाती असलेल्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागितलं. त्या अर्जाचा मसुदा आजही उपलब्ध आहे. हलके पूल, वेढ्याची साधनं, तोफा, चिलखती गाड्या... कलमांमागून कलमं. आणि चित्रकला? ती पार शेवटाकडे, शांततेच्या काळात करता येण्याजोग्या कामांमध्ये. स्फोर्झाला काय हवंय ते ओळखून लिओनार्दोनं स्वतःची ओळख बेतली. त्यातलं किती त्याला खरंच जमत होतं, हा वेगळा विषय.

पण गिऱ्हाईक पाहून कौशल्यांचा क्रम लावला, एवढ्यानं ती एकमेकांत सांधली जात नाहीत.

हर्बर्ट सायमन यांनी १९४३ मध्ये राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९७५ मध्ये ॲलन न्यूवेल यांच्यासोबत त्यांना संगणकशास्त्राचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. शिवाय ते मानसशास्त्रही शिकवत. यादी पाहिली की वाटतं, या माणसाचं मन कशातच रमत नसावं. सायमन मात्र सांगत की आपल्याला वेड एकाच गोष्टीचं आहे : माणसं निर्णय कसा घेतात? नगरपालिकेचं अंदाजपत्रक असो, बुद्धिबळाचा पट असो की संगणकाचा प्रोग्राम, ते सगळीकडे हेच शोधत होते.

(पडद्यावर: तराजू. एका पारड्यात झिजलेलं चांदीचं नाणं.)

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबू. कोसंबी मूळचे गणिती. त्यांच्यापुढे आली आहत नाणी : चांदीच्या तुकड्यांवर ठसे उमटवलेली, राजाचं नाव नाही, साल नाही. कोणती आधीची, कोणती नंतरची, हे ठरवायचं कशावरून?

नाणं हातोहात फिरतं आणि झिजतं. एकटं नाणं किती झिजेल, याचा नेम नाही. पण एका प्रकारची पुष्कळ नाणी घेतली, तर हिशोब लागतो. ती जितका जास्त काळ चलनात राहिली असतील, तितकं त्यांचं सरासरी वजन उतरलेलं असतं आणि त्यांच्या वजनांमधली तफावत वाढलेली असते. कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांच्या वजनांना ही संख्याशास्त्राची कसोटी लावली. पद्धत तपासून पाहायला रोजच्या व्यवहारातली नाणीही तोलली. केवढं कंटाळवाणं काम! पण त्यातून काळाचा क्रम हाती लागला.

नाणेतज्ज्ञाजवळ नाणी होती, संख्याशास्त्रज्ञाजवळ सूत्रं होती. दोन्ही एकाच डोक्यात असल्यामुळे तो प्रश्न तसा विचारला गेला. पुढे कोसंबी इतिहासकार म्हणून नावाजले. आणि गंमत म्हणजे, त्यांनी १९४४ मध्ये मांडलेलं एक सूत्र जनुकशास्त्रात गुणसूत्राचा नकाशा काढताना आजही त्यांच्याच नावानं वापरलं जातं.

सगळ्यांचंच असं जुळतं असं नाही. रशियाचे अलेक्झांडर बोरोदिन रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि संगीतकारही. प्रयोगशाळा आणि पियानो यांची गाठ कधी पडलीच नाही. संगीत रचायचं ते सुट्टीत, नाहीतर आजारपणात. १८६९ मध्ये हाती घेतलेला ऑपेरा १८८७ मध्ये ते वारले तेव्हाही अपुराच होता. तो रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांनी पुरा केला. दोन कामं दोन खोल्यांत राहिली म्हणून बोरोदिन यांचं काही चुकलं, असं आम्हाला वाटत नाही. ओढूनताणून सांधलेली ओळख त्याहून वाईट दिसते.

आता एक उदाहरण आजचं, कल्पनेतलं. एक परिचारिका पुढे सॉफ्टवेअरची टेस्टिंग करू लागली. “परिचारिका आणि टेस्टर” असं तिनं लिहिलं, तर दोन अर्धी माणसं दिसतात. पण औषधांची नोंद करायचा स्क्रीन तिच्यासमोर ठेवा. रात्रपाळीत, हातात मोजे, शेजारी वाजणारं मॉनिटर, अशा वेळी बोट कुठल्या चुकीच्या बटणावर पडेल, ते ती लगेच दाखवते. नुसत्या टेस्टरला ते सुचत नाही, आणि नुसत्या परिचारिकेला ते प्रोग्रामरच्या भाषेत सांगता येत नाही. म्हणून ती आपली ओळख करून देते : “रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमुळे औषधाची चूक होऊ नये, हे मी पाहते.”

हे वाक्य करिअरच्या आरंभीच म्हणून चालेल का? बहुधा नाही. समाजशास्त्रज्ञ एझ्रा झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटांतल्या कलाकारांच्या कामांचा अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. नवख्यांपैकी जे एकाच प्रकारच्या चित्रपटांत दिसत राहिले, त्यांना पुढची कामं मिळण्याची शक्यता जास्त होती. मुरलेल्या कलाकारांच्या बाबतीत हा फरक तितका उरला नाही. काम देणाऱ्याला आधी एका गोष्टीची खात्री हवी असते. बाकीचं तो नंतर ऐकून घेतो.

तेव्हा आपल्या परिचारिकेकडेही सुरुवातीला नुसत्या टेस्टिंगचीच कामं येतील, आणि तिला ती घ्यावी लागतील.