पुएब्लाची खुर्ची मध्येच रिकामी होते तेव्हा

मंडळी, आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला मलबार हिलवरचं राजभवन आठवतं, दिल्लीहून नेमलेला माणूस, शपथविधी आणि भाषणं. मेक्सिकोत तसं नाहीये. तिथे लोक गव्हर्नर थेट निवडून देतात, राज्याचा कारभार त्याच्याच हातात, आपल्या मुख्यमंत्र्यापेक्षाही हात मोकळा, कारण आमदार फुटले आणि सरकार कोसळलं असली भानगडच नाही. टर्म सहा वर्षांची, आणि एकदा निवडून आलेला माणूस त्या राज्यात परत कधीच उभा राहू शकत नाही. उपगव्हर्नर नावाचं पद मात्र नाही, आणि सगळी मजा तिथेच आहे. म्हणून मी म्हणतो, गव्हर्नरांची यादी बघायची तर कोण किती वर्षं बसला हे नंतर बघा, मध्येच खुर्ची रिकामी झाली तेव्हा पुढचा कोणी ठरवला ते आधी बघा.

मेक्सिको सिटीच्या पूर्वेला पुएब्ला राज्य आहे, त्याचं घेऊ. 1937 ला माक्सिमिनो आव्हिला कामाचो गव्हर्नर झाला, दांडगा माणूस, लष्करातला. त्याचा सख्खा भाऊ मानुएल 1940 ला देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि दुसरा भाऊ राफाएल 1951 ला याच राज्याचा गव्हर्नर. म्हणजे घराणेशाही फक्त आपल्याकडेच आहे असं कोणी समजू नका! पुढची कित्येक वर्षं पीआरआय पक्षाचीच सत्ता, उमेदवार वरून ठरायचा आणि निवडणूक नावापुरती.

पण त्या काळातही खुर्च्या हलल्याच, आणि 1964 चं कारण ऐकाल तर हसाल. दूध! गव्हर्नर आंतोनिओ नावा कास्तियो यांनी दूध पाश्चराइज करूनच विकायचं असा हट्ट धरला. आता पाश्चरायझेशन वाईट नाही हो, पण ज्यांच्या गोठ्यातलं दूध रोज शहरात खपायचं त्यांना दिसत होतं की यात फायदा प्लांटवाल्यांचा आणि मरण आपलं. गवळी रस्त्यावर आले, युनिव्हर्सिटीची पोरं त्यांच्या बाजूने उतरली, आणि दोन वर्षंसुद्धा धड न झालेल्या गव्हर्नरला त्याच वर्षी जावं लागलं. त्याच्या जागी कोण हे गवळ्यांना थोडंच विचारलं कोणी, ते वरून ठरलं. 1972 आणि 1973 मध्ये विद्यार्थी चळवळीच्या गदारोळात लागोपाठ दोन गव्हर्नर गेले, तेव्हाही तेच. त्यातल्या पहिल्याचं नाव राफाएल मोरेनो वाये, हे नाव डोक्यात ठेवा.

पुढे पीआरआयचेच गव्हर्नर झालेल्या मारिओ मारिन यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. 2005 ला पत्रकार लिदिया काचो यांना कानकूनमध्ये उचललं आणि गाडीत घालून तासन् तास प्रवास करवत पुएब्लाला आणलं. नंतर ज्याच्या तक्रारीवरून हे झालं त्या कापड उद्योजकाचं गव्हर्नरशी झालेलं फोनवरचं बोलणं 2006 मध्ये बाहेर आलं, त्यात हा उद्योजक गव्हर्नरला लाडात येऊन काय काय म्हणतोय, वर कॉन्यॅकच्या बाटल्यांची भाषा. तरी मारिन यांनी टर्म पूर्ण केली! अटक झाली ती थेट 2021 ला. पण 2010 च्या निवडणुकीत पीआरआय हरला, आणि जिंकला कोण, तर त्या जुन्या मोरेनो वायेंचा नातू, नाव तेच राफाएल मोरेनो वाये. पीआरआय सोडून पॅन पक्षात गेलेला.

त्यानंतरचा भाग मात्र सावकाश ऐका. नातवानंतर 2017 ला तोनी गाली आले, तेही दोन वर्षांहून कमी काळासाठी, कारण राज्याची निवडणूक देशाच्या निवडणुकीबरोबर आणायची होती. 2018 ला उमेदवार कोण, तर मोरेनो वाये यांच्या पत्नी मार्ता एरिका आलोन्सो. समोर मोरेना पक्षाचे मिगेल बार्बोसा. निकालावर महिनोन् महिने कोर्टबाजी, शेवटी केंद्रीय निवडणूक न्यायाधिकरणाने 4 विरुद्ध 3 मतांनी आलोन्सो यांचा विजय कायम केला. राज्याच्या विधिमंडळात विरोधकांचं बहुमत, त्यामुळे शपथ झाली ती राज्याच्या हायकोर्टासमोर, 14 डिसेंबरला. राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर. आणि 24 डिसेंबरला हेलिकॉप्टर कोसळलं, नवराबायको दोघंही गेले, एकूण पाच जण. दहा दिवसांची कारकीर्द.

मग काय, नियम असा की टर्मच्या सुरुवातीला पद रिकामं झालं तर विधिमंडळाने हंगामी गव्हर्नर निवडायचा आणि पुन्हा निवडणूक घ्यायची. मोरेनाच्या बहुमताने निवडला कोणाला, तर ऐंशी ओलांडलेले पीआरआयचे जुनेजाणते वकील गियेर्मो पाचेको पुलिदो. मला विचाराल तर ही चाल हुशारीची होती, आपला माणूस बसवला असता तर बोंब झाली असती, आणि या वयाच्या माणसाकडून पुढे धोकाही नाही. जूनमध्ये निवडणूक झाली, बार्बोसा जिंकले. सत्तेवर आल्यावर हे गृहस्थ जाहीरपणे म्हणाले की आधीची निवडणूक मीच जिंकली होती, माझ्याकडून चोरली आणि देवाने त्यांना शिक्षा दिली. मेलेल्यांबद्दल असं बोलावं का हो? देशभर टीका झाली.

डिसेंबर 2022 मध्ये बार्बोसा स्वतः पदावर असतानाच वारले. यावेळी टर्म बरीच उलटली होती, म्हणून निवडणूक नाही, विधिमंडळाने दोन-तीन दिवसांत सेर्हिओ सालोमोन सेस्पेदेस यांना उरलेल्या काळासाठी नेमलं. ते त्याच विधिमंडळात आमदार होते, म्हणजे मतदारांनी त्यांना गव्हर्नर म्हणून कधी निवडलंच नाही, तरी दोन वर्षं राज्य चालवलं. डिसेंबर 2024 पासून आलेहान्द्रो आर्मेंता आहेत, तेही मोरेनाचे, आणि आलोन्सो यांच्यानंतर पहिल्यांदाच पुएब्लाला पूर्ण सहा वर्षांची टर्म घेऊन आलेला गव्हर्नर मिळालाय.