पगाराच्या स्लिपमधले 200 रुपये

नरिमन पॉइंट असो, अंधेरी असो, नाहीतर परळला जुन्या गिरणीच्या जागी उभं राहिलेलं ऑफिस. पगाराची स्लिप आली की आपण पीएफ बघतो, टीडीएस बघतो, हातात किती पडले ते बघतो. मध्ये एक बारीक ओळ असते: पीटी, 200 रुपये. फेब्रुवारीत 300.

पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो 1975 साली लावला. कशासाठी, हे मुंबईकराला माहीत असायलाच हवं.

1972 चा दुष्काळ. विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं कवडीमोलाने गेली. लाखो माणसं खडी फोडायला बसली. बायकांच्या डोक्यावर पाट्या, पोरं मातीच्या ढिगाशेजारी, आणि पोटाला सुकडी. सरकारने कामं काढली म्हणून माणसं तगली. पण पाऊस पडला की कामं बंद, मग पुढे काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी उत्तर मांडलं: मागेल त्याला काम, तेही हक्काने. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता.

पैसा कुणी द्यायचा? शहरातल्या पगारदाराने. व्यवसाय कराचा पैसा रोजगार हमीला, आणि तेवढीच भर सरकारची.

हिशेबाच्या वहीत ही खर्चाची तरतूद. मला हा न्यायाचा निर्णय वाटतो. घाटावरून, कोकणातून आलेल्या माणसांनी इथल्या गिरण्या चालवल्या, गोदीत ओझी वाहिली. त्यांची बाळंतपणं, आजारपणं, म्हातारपणं मात्र गावाने काढली. त्याचं बिल गावाने मुंबईला कधी लावलं नाही.

योजनेत खोट आहेच. मस्टरवर हजेरी लागूनही मजुरी अडकते, आणि उद्याची चूल त्या मजुरीवर असते. याची चीड यायलाच हवी.

दुसरी खोट आपल्या स्लिपमध्येच आहे. महिना 15 हजार कमावणारा सिक्युरिटी गार्ड आणि त्याच इमारतीत वर बसणारा कोटीभर पगाराचा साहेब, दोघांचा वर्षाचा व्यवसाय कर सारखाच, 2,500 रुपये. घटनेच्या कलम 276 ची ही मर्यादा 1988 पासून हललेली नाही. साहेबाकडून जास्त घ्यायचं तर संसदेला घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि ती मागणी मुंबईनेच करायला हवी.