तोरणमाळचा उतार

(दृश्य: जानेवारीची पहाट, शहाद्याहून निघालेली गाडी)

शहादा मागे पडलं तरी रस्ता सपाटच असतो. दोन्ही अंगांना केळी, ऊस, वेचून झालेला कापूस. म्हसावद जातं, राणीपूर येतं आणि सातपुडा एकदम समोर उभा ठाकतो. तापीकाठच्या या सपाटीपासून तोरणमाळचं पठार सुमारे एक हजार मीटर उंच. गाड्या सातपायरी घाटाची वळणं घेत वर जातात. आपला गडी आज पायवाटेनं जाणार आहे. पायथ्यापासून वर, यशवंत तलावाला वळसा, सीताखाईचा कडा आणि परत पायथा. अशा दोन फेऱ्या. मिळून ५० किलोमीटर अंतर आणि २००० मीटरची चढाई.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्याहून लांब पल्ल्याला अल्ट्रा म्हणतात.

हा धुळ्याचा. पांझरेच्या काठानं पहाटे धावणारा, सपाटीवर पाय चांगला. पण यंदा कापूस वेचणीला मजूर मिळेनात, सुट्ट्या सगळ्या शेतात गेल्या. लांब पल्ल्याचा सराव राहून गेला, डोंगराचा तर झालाच नाही. तारीख मात्र मित्रांनी मिळून ठरवलेली होती, म्हणून तो आला.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात चढाची पायवाट)

पहाटे पाचला सुरुवात. पहिल्या चढावर तो धावतो, आणि शेळ्या घेऊन निघालेले एक बाबा त्याला थांबवतात, "पयू नको भाऊ, चाल. उतरनं बी शे ना."

पळू नको, चाल, अजून उतरायचंही आहे, हे बाबांचं म्हणणं अगदी खरं आहे. उभ्या चढावर, साधारण १५ अंशांच्या पुढे, त्याच संथ गतीनं धावण्यापेक्षा चालायला ऊर्जा कमी लागते, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. अल्ट्रामधले मुरलेले धावपटूही उभा चढ गुडघ्यांवर हात टेकून चालतच चढतात.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना हिशोब कामाला येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे आपल्या गड्याच्या एका फेरीला सहा तास चाळीस मिनिटं. तयारीचा धावपटू याहून कितीतरी लवकर येतो. सराव कमी असेल त्यानं मात्र हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवावा, सपाटीवरची आपली वेळ विसरून जावी.

पठारावर वारा झोंबतो. खालच्यापेक्षा इथे पाचसहा अंश थंडी जास्त, त्यात अंगावरचा बनियन घामानं ओला. सोबतचा मित्र त्याला आधी जाकीट घालायला लावतो, मग खायला देतो. केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. अशा श्रमात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. नुसतं साधं पाणी तासन्‌तास ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, माणूस बरळायला लागतो. ते जिवावरही बेतू शकतं.

(दृश्य: उतार. कॅमेरा पायांवर)

आणि आता उतार. आम्ही हे चित्रीकरण खरं तर यासाठीच केलं.

त्याचे गुडघे बघा. पाऊल टेकलं की मांडी थरथरते. वाटेवर सागाची वाळलेली पानं पडली आहेत, खाली दगड आहे की खळगा ते दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. हा ब्रेक मांडीचा पुढचा स्नायू लावतो. भार पेलता पेलता तो ताणलाही जातो, आणि त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत जाते. सपाटीवर हे फारसं घडत नाही. म्हणून पांझरेकाठी कमावलेला दम इथे शाबूत आहे. तो हसून बोलतोय, धापही लागलेली नाही, आणि मांड्या मात्र गेल्या आहेत.

तो वेदनाशामक गोळी मागतो. मित्र देत नाही, आणि ते योग्यच आहे. शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात स्नायूंची मोडतोड चाललेली. अशा वेळी या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो. नंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरी पडून राहायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

पायथ्याला पोचेस्तोवर दुपारचा एक वाजतो. आठ तास लागले. दुसरी फेरी याच गतीनं झाली तरी रात्रीचे नऊ, आणि जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे हाच उतार, हीच पानं, याच मांड्या, आणि वर अंधार. तो बराच वेळ डोंगराकडे बघतो आणि बुटांच्या नाड्या सोडतो. २५ किलोमीटर. त्या क्षणी आम्हाला त्याचा फार अभिमान वाटला.

पुढचे तीन दिवस त्याला जिना उतरताना कठडा धरावा लागला. पण उताराचा एक गुण असा की इजा भरून येताना स्नायू कणखर होतात, आणि पुढचे काही आठवडे तसाच उतार त्यांना कमी जाचतो. शिवाय धुळ्याच्या माणसाला त्यासाठी तोरणमाळ गाठायची गरज नाही. लळिंगचा किल्ला आग्रा रोडवर, शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुखणं पूर्ण थांबल्यावर पहिल्या रविवारी तिथे एकच फेरी, चढताना आणि उतरतानाही चालत. पुढे दोन, मग तीन. उतार पळत उतरायचा तो त्यानंतर, आणि आधी पाठीवर पिशवी न घेता.