१६० चौरस फुटांतली मुंबई

मुंबईवर लिहू पाहणाऱ्या कादंबरीकाराला पहिली अडचण येते ती या शहराच्या आवाक्याची. सगळी मुंबई एका कादंबरीत मावत नाही. ज्यांच्या लेखनात हे शहर जिवंत उतरले, त्यांतल्या अनेकांनी एखादी अगदी लहानशी जागा निवडली आणि तिथून ते फारसे हलले नाहीत.

जागा किती लहान असावी, याचे माप शहरानेच देऊन ठेवले होते. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत एका बिऱ्हाडाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली येई, आणि संडास सामाईक असत. अशा खोलीत नवराबायको, मुले, म्हातारी माणसे आणि नोकरीच्या शोधात गावाहून आलेला एखादा नातेवाईक दाटीने राहत असेल, तर वयात आलेल्या मुलाने संध्याकाळी जायचे कुठे? तो नाक्यावर जातो.

भाऊ पाध्ये यांची १९६५ सालची ‘वासूनाका’ तिथेच घडते. पोक्या आणि त्याचे दोस्त टवाळक्या करतात, मुलींच्या मागे लागतात, वेळ काढतात. हे सारे पोक्याच सांगतो, तेही नाक्याच्या बोलीत, आणि त्याचे बोलणे शिष्ट मराठीत समजावून देणारा लेखक मध्ये डोकावत नाही. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर टीकेची झोड उठवली. शब्द वापरताना स्वतः कधी हात आखडता न घेणाऱ्या अत्र्यांना ते सोसू नये, ही त्यातली गंमत. पोक्याची बायकांकडे पाहण्याची नजर ओंगळ आहे, हे मात्र खरेच आहे. ती साफसूफ करून मांडली असती, तर नाका खोटा ठरला असता.

त्याच दशकात जयवंत दळवी ‘चक्र’मधून, तर मधु मंगेश कर्णिक ‘माहीमची खाडी’मधून झोपडपट्टीत शिरले, जिथे चाळीतली खोलीसुद्धा चैन वाटावी. अरुण साधू यांची वाट निराळी होती. १९७७ सालच्या ‘सिंहासन’मध्ये त्यांनी पत्रकार दिगू टिपणीस उभा केला, कारण मंत्र्याच्या दालनापासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळीकडे ज्याला सहज प्रवेश मिळतो, असा माणूस या शहरात बातमीदारच असू शकतो.

चाळीतली लांबलचक गॅलरी पाहिली की किरण नगरकर आठवतात. त्यांची ‘रावण अँड एडी’ ही इंग्रजी कादंबरी माझगावच्या चाळीत घडते. वरच्या मजल्यावर कॅथलिक आणि खाली हिंदू, अशी तिथली वाटणी आहे. पार्वतीबाईंच्या हातून तान्हा राम निसटतो, खाली उभा असलेला व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि स्वतः प्राणाला मुकतो. मूल वाचते, पण व्हिक्टरच्या बायकोच्या लेखी ते खुनी ठरते, आणि दोन मजल्यांमधले हे वैर पुढे कादंबरीभर पुरते. नळाच्या पाण्यावरून होणाऱ्या लढायांनाही नगरकरांनी युद्धवर्णनाचा थाट दिला आहे. विनोद भरपूर आहे, तरी पहाटे बादल्या घेऊन रांगेत उभे राहिलेल्या माणसाला त्यात अतिशयोक्ती फारशी सापडणार नाही.

अशा चाळीत कादंबरीकाराचे निम्मे काम गॅलरीच करते. कोणाकडे कोण आले, कोणाचे भांडण झाले, कोणाची नोकरी गेली, हे सर्वांना कळत असल्यामुळे एका बिऱ्हाडाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकवता येते. आता वरळीच्या बीडीडी चाळींतल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. तिथे लिफ्ट आहे, घरातच संडास आहे आणि दार लावून घेता येते. यापुढच्या मुंबईच्या कादंबरीत शेजारच्या घरातली बातमी कोण सांगणार, हे त्या बंद दारांच्या आत राहणाऱ्या एखाद्या लेखकालाच ठरवावे लागेल.